खिशातले रिव्हॉल्व्हर आणि नियम क्रमांक ३



खिशात मावेल असे छोटे आणि वजनाला हलके रिव्हॉल्व्हर घ्यायचे तर कोणते घ्यावे, असा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत आम्हाला समाजातल्या निदान सात-आठ जणांनी विचारला. विचारणारे कोणी गुंडपुंड नव्हेत. कोणी गायरानाची केस लढतो आहे, कोणी राखीव जागेवरून निवडून आलेला सरपंच आहे, कोणी अ‍ॅट्रॉसिटीच्या खटल्यात फितूर न झालेला साक्षीदार आहे. आम्ही पेशाने कारकून. अर्ज, पोच, आवक-जावक यांतच आमची हयात चालली. म्हणून नवीन जालन्यात आमच्याकडे लोक शस्त्रपरवान्याचा फॉर्मही भरून घ्यायला येतात आणि फॉर्म भरता भरता हा प्रश्न निघतो. काही वडीलधारी मंडळी ऐकून हसतात. "बुद्धाच्या लेकरांना रिव्हॉल्व्हर कशाला?" म्हणतात. आम्हाला हसू येत नाही. ज्याच्या दारावर रात्री दगड पडतात त्याला हा प्रश्न सुचणारच.

हत्यार कोणाच्या हातात असावे आणि कोणाच्या नसावे, हे या देशात शेकडो वर्षे जन्माने ठरत आले. परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी जे भाषण लिहिले आणि मंडळाने कच खाल्ल्यामुळे जे त्यांना करता आले नाही, त्या 'जातिनिर्मूलना'त हाच मुद्दा आहे. इतर देशांत खाली दबलेल्यांनी बंडे केली, इथे का झाली नाहीत? कारण चातुर्वर्ण्याने त्यांच्या हातात शस्त्रही दिले नाही आणि विद्याही दिली नाही. नांगर धरणाऱ्या हाताला नांगराच्या फाळाची तलवार करण्याची मुभा नव्हती. आणि गंमत अशी, की गावात ज्या हाताला येसकराच्या काठीपलीकडे काही मिळाले नाही, त्याच हाताने फौजेत बंदूक धरली. रामजी सुभेदार फौजेतलेच. १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद केली गेली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध सरकारकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात गरज पडली म्हणून १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडली. पुढे १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. म्हणजे शस्त्र चालवायला आम्ही नालायक नव्हतो. ते घरी नेण्याची मोकळीक तेवढी नव्हती.

राहिला पहिल्या शीलाचा प्रश्न. प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे शील आपण दर रविवारी विहारात ग्रहण करतो, मग खिशात रिव्हॉल्व्हर कसे चालेल, असे उपासिका विचारतात आणि बरोबरच विचारतात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसा हे तत्त्व मानले आहे, नियम नव्हे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी फरक केला. 'बुद्ध आणि कार्ल मार्क्स' या निबंधात वैशालीच्या सेनापतीचा प्रसंग त्यांनी याचसाठी घेतला आहे. सगळे उपाय थकल्यावर न्यायासाठी शस्त्र उचलणाऱ्याला तिथे दोष दिलेला नाही. पण "सगळे उपाय थकल्यावर" ही अट लक्षात ठेवावी. या लेखातले आमचे सारे म्हणणे त्या अटीभोवतीच आहे. जीव वाचवण्यापुरता बळाचा वापर कायद्यालाही मान्य आहे. पूर्वी ही कलमे भारतीय दंड संहितेत ९६ ते १०६ होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ या क्रमांकांनी आहेत.

आता मालाकडे येऊ.

सिनेमात दिसतात ती रिव्हॉल्व्हरे आपल्या कामाची नाहीत. अमेरिकेत खिशातल्या रिव्हॉल्व्हरचा धंदा जुना आहे. महाडच्या सत्याग्रहाच्या वर्षी, १९२७ साली, कोल्ट कंपनीने आखूड नळीचे 'डिटेक्टिव्ह स्पेशल' बाजारात आणले. १९५० मध्ये स्मिथ अँड वेसनचे पाच गोळ्यांचे छोटे मॉडेल आले आणि पुढे त्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या, टायटॅनियमच्या हलक्या आवृत्त्या निघत गेल्या. त्यांतल्या काहींत घोडा आतच झाकलेला असतो, म्हणजे खिशातून काढताना कापडात अडकत नाही. पण १९८० च्या दशकापासून आपल्याकडे सामान्य माणसाला असे शस्त्र बाहेरून मागवता येत नाही. शिवाय .३८ चा बोअर सामान्य नागरिकाला प्रतिबंधित आहे. त्याच्या वाट्याला येतो तो .३२ किंवा .२२.

.३२ म्हटले की आजवर मुख्यतः सरकारी कारखान्यांचाच माल. कानपूरच्या कारखान्याचे जुने .३२ रिव्हॉल्व्हर ब्रिटिश वेब्लीच्या वळणाचे आहे. मधून मोडून उघडायचे, सहा काडतुसे भरायची, बंद करायचे. २०१२ च्या दिल्लीच्या अत्याचारानंतर देश पेटला आणि जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्याच फील्ड गन फॅक्टरीने 'निर्भीक' काढले. टायटॅनियमचा मिश्रधातू, .३२ बोअर, सहा गोळ्या, वजन ५०० ग्रॅम. "स्त्रियांसाठी रिव्हॉल्व्हर" अशी त्याची जाहिरात झाली आणि ते दागिन्यांच्या डबीसारख्या डबीत घालून विकायला ठेवले. किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये! पुढे पश्चिम बंगालमधल्या इछापूरच्या रायफल फॅक्टरीने .२२ बोअरचे 'निडर' काढले. ते तर अवघे २५० ग्रॅमचे, म्हणजे पाव किलो. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. त्यांतल्या कानपूरच्या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्रबल' आणले. ते .३२ चेच आहे, पण चक्री बाजूला उघडते, वजन सुमारे ७०० ग्रॅम आणि मारा ५० मीटरपर्यंत, असे कंपनी सांगते.

बीकॉमचा माणूस हिशेब केल्याशिवाय राहत नाही. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. 'निर्भीक'ची २०१४ ची किंमत धरली, तर ३९२ दिवसांची मजुरी. मजुराने वर्षाचे सगळे दिवस, एकही खाडा न करता, पोटाला न खाता काम केले, तरी वर्ष पुरत नाही. दागिन्यांची डबी करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणती स्त्री होती, हे वेगळे सांगायला नको. रानात कापूस वेचणारी, अंधारात परसाकडे जाणारी आमची माय-बहीण ती नक्कीच नव्हती.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त हवालदार आहेत, महार रेजिमेंटमधून आलेले. विचारणाऱ्या पोरांना आम्ही त्यांच्यापुढे बसवतो. शस्त्राविषयी इतके कमी आणि इतके नेमके बोलणारा माणूस आम्ही पाहिला नाही. त्यांचे पहिले वाक्य ठरलेले. "हलकं रिव्हॉल्व्हर खिशाला हलकं, हाताला जड." काडतूस तेच, दारू तीच, मग यंत्र जितके हलके तितका धक्का हाताला जास्त. मूठ छोटी, त्यामुळे करंगळी हवेत राहते. नळी आखूड, म्हणून नेम धरायला दोन खुणांमधले अंतर अगदी थोडे, आणि हात एक चाळभर हलला तर गोळी भलतीकडे. चाप ओढताना त्याच एका ओढीत चक्री फिरते, घोडा मागे जातो आणि पडतो. ती ओढ लांब आणि कडक असते. त्यात हाताला घाम आणि छातीत धडधड. खिशातले छोटे रिव्हॉल्व्हर सात-आठ पावलांपलीकडे भरवशाचे नाही, आणि सात-आठ पावलांवर माणूस आला म्हणजे खिशात हात घालायला उसंत राहत नाही, असे ते म्हणतात. पाव किलोचे .२२ घ्यावे तर धक्का कमी, पण मारही कमी. शिवाय त्याचे काडतूस कडेवर घाव बसून उडते आणि मधोमध घाव बसणाऱ्या काडतुसापेक्षा न उडण्याचा धोका त्यात अधिक.

मग सराव? काडतुसे महाग, मिळतात मोजून, आणि गोळी चालवण्याचा सराव करायला जागा कुठे आहे? लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यांना वाटते तोच सराव. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा आनंदाच्या बाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, हे आपल्या पोरांनीही ध्यानात ठेवावे. (१४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजे पुरे झाला. आमचे मत लोकांना आवडत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

खिशाचे शास्त्रही हवालदारांनी सांगितले. रिव्हॉल्व्हर ठेवायचे तर त्या खिशात दुसरे काही ठेवायचे नाही. किल्ल्यांचा जुडगा नाही, चुन्याची डबी नाही, मोबाइल नाही. चाप पूर्ण झाकेल असे चामड्याचे कव्हर हवेच. नुसते रिव्हॉल्व्हर खिशात टाकणे म्हणजे आपल्याच मांडीवर गोळी मारून घेण्याची तयारी. आपल्याकडच्या मॉडेलांचा घोडा बाहेर असतो आणि तो काढताना खिशाच्या अस्तरात अडकतो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणेही सार्वजनिक जागी शस्त्र कव्हरमध्ये, पूर्ण झाकलेले आणि ताब्यात असले पाहिजे. नुसते काढून दाखवणेही मना आहे. मराठवाड्याच्या मे महिन्यात मांडीचा घाम कव्हरमधून धातूला लागतो आणि खिशातला कापूस-धूळ चक्रीत जाते. आठवड्याला पुसायलाच पाहिजे.

अंबड तालुक्यातला एक तिशीचा कार्यकर्ता गेल्या वर्षी आमच्याकडे आला. त्याच्या वडिलांनी १९९० च्या आधीपासून गायरान कसले. नावावर करून घेण्यासाठी तो तहसीलच्या चकरा मारतो आहे. उभे पीक दोनदा जनावरे घालून चारून टाकले गेले आहे. "दादा, निर्भीकच घेतो. उसनवारी करीन, पण घेतो. खिशात असलं म्हणजे बरं," असे त्याचे म्हणणे. हवालदारांनी वाद घातला नाही. ओळखीच्या किराणा दुकानातून अर्ध्या किलोचे लोखंडी माप मागून आणले, जाड फडक्यात गुंडाळले आणि त्याच्या पँटच्या खिशात घातले. "आठ दिवस हे सोडायचं नाही. मोटारसायकलवर, शेतात, तहसीलला, जेवताना. रात्री कुठं ठेवतोस तेही लिहून ठेव."

आठ दिवसांनी तो आला आणि हकिकत सांगू लागला. पहिल्याच दिवशी मोटारसायकलवर बसताना माप मांडीत रुतले. दुसऱ्या दिवशी पँट एका अंगाला ओघळली. पाणंदीत भेटलेल्या माणसाने विचारले, "खिशात काय रे घेऊन हिंडतोस?" गावात कोणाच्या खिशात काय आहे हे तिसऱ्या दिवशी सगळ्यांना ठाऊक होते. तहसीलच्या ओट्यावर मांडी घालून बसता येईना. विहारात वंदनेला वाकताना ते फरशीवर आपटले आणि शेजारची म्हातारी दचकली. शेतात खुरपताना शर्टाबरोबर बांधावर काढून ठेवले आणि दुपारी विसरून घरी आला. आणि रात्री? घर पत्र्याचे, खोली एक. कपाटाला कुलूप नाही. उशाखाली ठेवले तर चार वर्षांच्या मुलीने सकाळी ते काढून बाहुलीला पाळण्यात झोपवावे तसे झोपवले. हे सांगताना तो हसला नाही, आम्हीही हसलो नाही.

या आठ दिवसांत त्याच्यावर कोणी चालून आले नाही, हे खरे. पण ज्या दिवशी येतील त्या दिवशी कसे येतील, हा विचार आपण नीट करावा असे आम्हाला वाटते. खिशातले रिव्हॉल्व्हर शहरी माणसाच्या कल्पनेतून आले आहे. रात्रीची वेळ, गल्लीचे तोंड, एकटा लुटारू. आपल्यावरचा हल्ला असा होत नाही. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यातल्या वस्त्यांवर जे आले ते जमाव होते. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबाच्या घरावर आला तोही जमाव. जमाव येतो तेव्हा कार्यकर्ता बहुधा गावात नसतो. तो तालुक्याला अर्ज द्यायला गेलेला असतो, रिव्हॉल्व्हर त्याच्या खिशात असते आणि घरी बायको, आई, लेकरे असतात. सहा गोळ्यांनी जमाव पांगेलही, पण पेटेलही. आणि पेटला तर तो फक्त त्या एका घरावर थांबत नाही, वस्तीवर येतो.

दुसरे, क्रॉस केस. अ‍ॅट्रॉसिटीची फिर्याद दिली, की समोरून दरोड्याची उलट फिर्याद येते, हे आपल्या वाचकांना नवीन नाही. खिशात परवान्याचे रिव्हॉल्व्हर असले तर त्या उलट फिर्यादीत खुनाच्या प्रयत्नाचे कलम (पूर्वीचे ३०७, आताचे १०९) आयतेच बसते. "त्याने काढले, आमच्यावर रोखले" म्हणायला चार साक्षीदार जमायला वेळ लागत नाही.

तिसरे कोणी ध्यानातच घेत नाही. शस्त्र तुमचे, पण ते तुमच्याजवळ कधी असेल हे तुमच्या हातात नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली, की छाननी करून परवानाधारकांची शस्त्रे ठाण्यात जमा करून घेतात. राखीव जागेवरच्या उमेदवाराला सर्वांत जास्त धोका कधी असतो? नेमका तेव्हाच. सणावाराला, मोर्चे-आंदोलनांच्या दिवसांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चे आदेश निघतात आणि शस्त्र घेऊन फिरणे मना होते. म्हणजे तणावाच्या दिवसांत खिसा रिकामाच.

आणि चोरी! लपवलेल्या शस्त्राचा धाक कोणालाच नसतो, कारण ते कोणाला ठाऊक नसते. ठाऊक झाले की धाक एकदा वाटतो आणि मग त्यावर डोळा राहतो. पत्र्याच्या घरातून ते गेले तर जबाब आपल्याला द्यायचा आहे, आणि ते कोणाच्या हाती पडेल याची कल्पनाही करवत नाही.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, म्हणजे तुमचे मत परवाना मागूच नये असे आहे. मुळीच नाही! परवाना मागणे हा हक्क आहे आणि तो मागितलाच पाहिजे. ३० जानेवारी १९५६ रोजी अमेरिकेत माँटगोमेरी गावी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. घरात बायको आणि तान्ही मुलगी होती. त्यानंतर किंग यांनी पिस्तूल बाळगण्याचा परवाना मागितला. तिथल्या अधिकाऱ्यांनी तो नाकारला. ज्या शहरात गोऱ्यांच्या घराघरांत बंदुका होत्या, तिथे ज्याच्या ओसरीवर बॉम्ब पडला त्यालाच परवाना नाही. पुढे किंग यांनी घरातली शस्त्रेही काढून टाकली, तो त्यांचा निर्णय. पण नकार हा सरकारचा निर्णय होता आणि तो कागदावर राहिला.

आता आपल्या कागदाकडे या. १९८९ चा अत्याचार प्रतिबंध कायदा सर्वांच्या तोंडी आहे. त्याखालचे नियम ३१ मार्च १९९५ रोजी निघाले, ते फार थोड्यांनी वाचले. त्यांतला नियम ३ आम्ही विहारात अनेकदा मोठ्याने वाचून दाखवतो आणि दर वेळी कोणी ना कोणी विचारतो, "हे खरंच लिहिलंय?" होय, लिहिले आहे! अत्याचार होण्याची शक्यता आहे असा भाग राज्य शासनाने ओळखायचा. त्या भागात गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या व्यक्तींचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरांचे आणि स्नेह्यांचे शस्त्रपरवाने रद्द करायचे आणि ती शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करायची. बेकायदा शस्त्रे जप्त करायची. आणि जीविताच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठी आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शस्त्रपरवाने द्यायचे.

या नियमाचा क्रम पाहा. आधी त्यांचे शस्त्र काढायचे, मग गरज पडली तर आपल्याला द्यायचे. आपण मात्र उलट्या टोकाने सुरुवात करतो. लाख-सव्वा लाखाच्या कर्जासाठी सावकार शोधतो आणि वाड्यावरच्या बाराबोअरबद्दल एक ओळीचा अर्ज देत नाही. १९९५ सालीच जम्मूच्या डोंगरात अतिरेक्यांच्या भीतीतल्या गावकऱ्यांना ग्रामरक्षण समित्या करून सरकारने .३०३ च्या रायफली दिल्या. म्हणजे धोका मान्य केला की सरकारला शस्त्र देता येते. आमच्या वस्त्यांचा धोका मान्य करणे हेच अवघड जाते, कारण तो मान्य केला तर भाग "ओळखावा" लागतो.

त्या अंबडच्या कार्यकर्त्याकडून आम्ही एकाच दिवशी दोन अर्ज लिहून घेतले. एक त्याच्या परवान्याचा, २०१६ च्या नियमांतल्या नमुन्यात, सोबत पीक चारल्याच्या दोन्ही फिर्यादींच्या प्रती आणि शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणाचा कागद. दुसरा अर्ज नियम ३ खालचा. समोरच्या घरातील परवाने तपासावेत, रद्द करावेत आणि गावाची नोंद संवेदनशील म्हणून घ्यावी. ज्या टेबलावर हे अर्ज द्यायचे तिथल्या माणसाने पहिला घेतला आणि दुसरा वाचून परत सरकवला, "असा काही नमुना नसतो," म्हणाला. आम्ही नियमाची प्रत पुढे ठेवली आणि पोच मिळेपर्यंत खुर्ची सोडली नाही. आवक क्रमांक दोन्हींवर आहे. दीड महिन्याने गावात पोलीस पंचनाम्याला आले, समोरच्या बाजूच्या दोन परवान्यांची विचारणा झाली. त्यांपैकी एकाची मुदत कधीच संपलेली निघाली आणि ती बंदूक ठाण्यात जमा आहे. त्याच्या स्वतःच्या परवान्यावर अजून निर्णय नाही. गायरानात या वर्षी तूर उभी आहे.

परवाना मिळालाच तर काय घ्यावे, हे तो अजून विचारतो, आणि आम्ही उत्तर टाळत नाही. आमचे आणि हवालदारांचे मत एक आहे. खिशाचा नाद सोडावा. सातशे ग्रॅमच्या जवळपासचे .३२ घ्यावे, मग ते जुन्या वळणाचे असो की नवे, आणि कमरेला, शर्टाखाली, चाप झाकणाऱ्या कव्हरमध्ये बांधावे. वजन धक्का पचवते, मूठ हातभर मिळते, आणि कमरेचे शस्त्र बांधावर विसरत नाही. त्याआधी भिंतीत गाडलेली कुलपाची पेटी बसवावी. पेटी बसवायला पक्की भिंत नसेल तर शस्त्र घेऊच नये. घरकुलाचा अर्ज आधी द्यावा, तोही आम्ही भरून देतो.

फॉर्म भरणाऱ्यांसाठी चार कागदी गोष्टी. जालन्यात पोलीस आयुक्त नाहीत, म्हणून परवान्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा आहे. पोलिसांच्या अहवालात आपल्यावरचा उलट गुन्हा लिहून येतो, म्हणून तो क्रॉस केसचा आहे हे अर्जातच, आपल्या फिर्यादीच्या क्रमांकासह, आधी लिहावे. नकार आला तर १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे त्याची कारणे लेखी असली पाहिजेत, ती मागावीत. कलम १८ प्रमाणे विभागीय आयुक्तांकडे छत्रपती संभाजीनगरला अपील करता येते, मुदत तीस दिवसांची. साक्षीदार असाल तर २०१६ पासून कलम १५-अ खाली न्यायालयाकडे संरक्षण मागता येते, त्यासाठी रिव्हॉल्व्हर लागत नाही. जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायला हवी. तिच्यापुढे नियम ३ चा विषय ठेवावा, असे पत्र दर गावातून गेले पाहिजे.

आणि भगिनींनो, अर्जावर घरातल्या स्त्रीचीही सही घ्या. जमाव येतो तेव्हा दारात तीच असते, म्हणून वस्तीला धोका काय आहे हे तिच्या शब्दांत लिहिलेले असावे. नियम ३ ची मराठी प्रत आणि दोन्ही अर्जांचे नमुने आम्ही विहारात ठेवले आहेत. रविवारी वंदनेनंतर या, येताना फिर्यादींच्या प्रती आणि सातबारा घेऊन या.

जय भीम!